शब्दांची यादी पाठ होते, पण टिकत नाही

प्रश्न: ताई नमस्कार. मी बारावीला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. क्लॅट, म्हणजे लॉची एंट्रन्स, द्यायची आहे, आपल्या नागपूरच्याच लॉ युनिव्हर्सिटीत नंबर लागावा अशी खूप इच्छा आहे. क्लासमधून इंग्रजी शब्दांची जाडजूड यादी मिळाली, ती रोज रात्री पाठ करून राहिली पण आठ दिवसांत सगळं साफ. मैत्रिणी म्हणतात पैसे भरून ॲप घे. घेऊ का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर: अगं, आठ दिवसांत साफ होतं यात तुझ्या डोक्याचा काहीच दोष नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय की अर्थ नसलेलं काही घोकलं की त्यातलं बरंचसं पहिल्या एक-दोन दिवसांतच उडून जातं, आणि मागचं-पुढचं वाक्य नसलेला शब्द म्हणजे तुझ्यासाठी जवळजवळ तसाच. म्हणून ती यादी सध्या कपाटात ठेव.

दुसरं म्हणजे क्लॅट २०२० पासून उताऱ्यांवर गेलीय. दोन तासांत १२० प्रश्न, इंग्रजीचे त्यातले २२ ते २६, उतारा साधारण ४५० शब्दांचा, आणि चुकलं की पाव मार्क कटतो. तिथे शब्द सुटा येत नाही, या ओळीत तो काय सांगतोय ते विचारतात. आता ‘सँक्शन’ घे. सरकारनं पुलाला फंड सँक्शन केला म्हणजे मंजुरी दिली, आणि इराणवर सँक्शन्स लावले म्हणजे निर्बंध, अगदी उलटच. यादीत बहुतेक एकच अर्थ असतो, मग तू तोच धरून बसतेस आणि ऑप्शन चुकतो.

तर रोज पेपर वाच. आपल्या इथला द हितवाद १९११ पासून निघतोय, घरी येत नसेल तर लायब्ररीत मिळेल. एक अग्रलेख आणि कोर्टाची एक बातमी, बस. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मार, पण लगेच डिक्शनरी उघडू नको, आधी पूर्ण पॅरा वाचून अंदाज बांध आणि मग बघ. पाच-सहाच शब्द वहीत घे, पण अख्ख्या वाक्यासकट, आणि अर्थ मराठीत लिही, बिनधास्त. मराठी मीडियमचं टेन्शन अजिबात घेऊ नको गं, अर्थ ज्या भाषेत पक्का बसतो त्याच भाषेत लिहायचा. दुसऱ्या दिवशी अर्थ झाकून वाक्य वाच, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. जो आठवला नाही त्यालाच परत पहिल्यापासून घे.

ॲप फुकटातलं असेल तर उजळणीला वापर, त्यासाठी बाबांकडून पैसे नको मागू.

आणि हो, राज्याची पाच वर्षांची लॉ सीईटी पण देणार असशील तर तिथे समानार्थी-विरुद्धार्थी सरळ विचारतात, तेव्हा ती यादी कामाची आहे, पण ती क्लॅट झाल्यावर, डिसेंबरनंतर काढ.