पगार वाढला, तरी ड्यूटीवर जावंसं वाटत नाही

प्रश्न : मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. आधी सहा वर्षं खासगी नर्सिंग होममध्ये काढली. इथे पगार दुपटीहून जास्त, नोकरी कायम. तरी नाइटला निघताना पोटात गोळा येतो. मेडिसिन वॉर्डात 42 रुग्ण आणि आम्ही दोघी. घरचे म्हणतात, सरकारी नोकरी मिळाली, आणखी काय हवं? माझंच काही चुकतंय का?
– एक अधिपरिचारिका

उत्तर : सिस्टर, तुमचं काही चुकत नाही. मी 34 वर्षं वॉर्डात काढली, शेवटची 11 परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर म्हणून. पगाराला मी कमी लेखणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीला, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान 20,000 रुपये द्या, असं सांगावं लागलं. पण पगाराने घरची काळजी मिटते. वॉर्डातलं समाधान हातातलं काम मनासारखं झालं तरच मिळतं.

माझ्याकडे अर्धांगाचे एक आजोबा होते. पडून पडून अंगाला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्री बाराला मावशींच्या मदतीने बदलली. मग समोरचा रुग्ण अत्यवस्थ झाला, पाठोपाठ दोन ॲडमिशन. पुन्हा आजोबांकडे वळले तेव्हा साडेपाच वाजले होते. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. बोटाने दाबला तरी लाली हटेना. घरी गेल्यावर घास उतरला नाही. पगार तर त्या महिन्यातही वेळेवर झाला होता.

तुमच्या पोटातला गोळा मला तोच वाटतो. अध्यापन रुग्णालयाच्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका, हे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. तुमचं तुम्हीच ताडून बघा.

रिपोर्ट बुकात रोज रुग्णांची आणि सिस्टरांची संख्या शेजारी शेजारी लिहा. राहून गेलेलं कामही लिहा. आपण ते झाकतो, म्हणून वर कुणाला दिसत नाही. ड्यूटी लिस्ट महिना लागण्याआधी हवी, असा आग्रह परिसेविकांकडे धरा. ऐन संध्याकाळी बदललेल्या नाइटमुळे मी सिस्टरांना लिनन रूममध्ये रडताना पाहिलंय. आणि ओव्हर, म्हणजे पाळी संपताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती, टेबलाशी बसून देऊ नका, खाटेपाशी जाऊन द्या.

त्या सकाळी मी पुढच्या पाळीच्या सिस्टरना आजोबांच्या खाटेपाशी नेलं, डाग दाखवला, रात्री कूस बदलायची राहिली हेही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, आधी आजोबांना कुशीवर घेतलं. पुढे प्रत्येक पाळीने वेळ पाळली. आजोबांची कातडी फुटली नाही.