वाडा घ्यायचाय? आधी माळवदावर चढा
सोलापूरच्या बाळीवेशीतला वाडा आवडला, चौकातला आड पाहून वहिनीही खूश, हे कळलं. पण बयाणा देण्याआधी मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढा. त्यावर अजून विकणाऱ्याच्या आजोबांचंच नाव असेल, तर लग्न होऊन गेलेल्या आत्या-बहिणींसकट सगळ्या वारसांच्या सह्या नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्रं हवीत. ‘त्या काही मागत नाहीत हो’ यावर विसंबू नका. जुना भाडेकरू असेल तर वाडा विकल्यानं तो हलत नाही. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्याच्या पाठीशी आहे.

मग माळवद, म्हणजे तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर. गळती बुजवायला वर माती टाकून टाकून वजन वाढलेलं असतं, तुळयांची टोकं भिंतीत कुजतात, आणि खालून ताजा रंग! त्या टोकांत स्क्रूड्रायव्हर रुतवून बघाच. मालक रागावला तर रागावू दे.