ओझं जाणवलं पाहिजे

प्रिय,

तू बनवत असलेल्या खाणकामाच्या खेळाचा व्हिडिओ काल रात्री तीनदा पाहिला. कुदळ बसते, ढेकूळ सुटतं, घरंगळत खाली जातं आणि त्याच्यामागून आणखी दहा-बारा दगड येतात. सुरुवातीला बघताना फार छान वाटलं. चौथ्या मिनिटाला मात्र बोगद्यात दगडांचा खच पडला आणि सगळं अडखळायला लागलं. तू विचारलं आहेस, "दादा, हे वेगवान कसं करू?" मला तुला उलटं विचारायचं आहे. एवढे दगड हवेत कशाला?

जॅम म्हणजे ठरल्या वेळात खेळ बनवायची स्पर्धा, आणि तिचे ४८ तास म्हणजे झोप, जेवण वजा जाता हातात तीसेक तास. तेवढ्यात फिजिक्सची, म्हणजे वस्तूंच्या पडण्या-धडकण्याची, एकच गोष्ट नीट जमते. ती कुठली, हे शुक्रवारी ठरवायचं. जमीन साध्या टाइल्सची, म्हणजे सारख्या चौकोनांची ठेव. टाइल आहे किंवा नाही, एवढंच. खणली की पुसून टाक. माती उडाल्यासारखे चार कण दाखव, ते लगेच विरू देत. रिजिड बॉडी, म्हणजे ज्याचं पडणं-आदळणं इंजिन (खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतः सांभाळतं ते रूप, फक्त खनिजाच्या तुकड्याला दे. खेळाडूलाही देऊ नकोस, त्याचं चालणं-उडी तुझ्या कोडच्या ताब्यात राहू दे. नाहीतर दोन टाइल्सच्या सांध्यावर पाय अडकतो आणि सपाट जमिनीवर माणूस ठेचकाळतो.

आमच्या गावाकडे विहीर खणताना मी लहानपणी लांबून बघत बसायचो. वर माती, मग मुरूम, मग काळा कातळ. पहारीच्या आवाजावरून थर ओळखता यायचा. मुरमात ती खसकन रुतायची, कातळावर ठण्णकन वाजून मागे यायची. पण गावातली माणसं येऊन बघत उभी राहायची ती यारीपाशी. दोर ताठ व्हायचा, दगडांनी भरलेली बादली हेलकावे खात वर यायची, मध्येच कपारीला घासायची आणि खाली उभी असलेली माणसं माना वर करून बाजूला सरकायची. बादली काठावर टेकेपर्यंत कोणी बोलायचं नाही. तुझा खेळ तिथे आहे, असं मला मनापासून वाटतं. खणणं सोपं असू दे. खणलेलं वर आणणं अवघड असू दे.

याचं उत्तम उदाहरण तू खेळली आहेस. 'डोम कीपर' जॅममधूनच निघाला. एप्रिल २०२१ मध्ये लुडम डेअर या जॅमची ४८ वी फेरी झाली, विषय होता 'अधिकाधिक खोल'. तेव्हा त्या छोट्या खेळाचं नाव 'डोम रोमँटिक' होतं. पूर्ण खेळ सप्टेंबर २०२२ मध्ये आला, तोही तू वापरतेस त्या गोडो इंजिनमध्ये केलेला. पुन्हा एकदा खेळ आणि या वेळी फक्त वजनाकडे बघ. खनिजाचे तुकडे मागे बांधलेले येतात आणि जितके जास्त बांधाल तितका माणूस मंदावतो. वर घुमटावर हल्ला व्हायची वेळ झालेली असते आणि हातातला एक तुकडा सोडावा की नाही, हे ठरवावं लागतं. जमीन तिथेही साध्या चौकटींचीच आहे.

आता दोर. तू बारा छोट्या कड्या जोडून साखळी केली आहेस आणि टोकाला जड दगड. ती रबरासारखी ताणली जाते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. यात तुझी चूक नाही. इंजिन प्रत्येक सांधा पाळीपाळीने दुरुस्त करतं आणि प्रत्येक पावलात, म्हणजे सेकंदाच्या छोट्या तुकड्यात, अशा मोजक्याच फेऱ्या करतं. हलक्या कड्यांना जड दगड जोडला की तेवढ्या फेऱ्यांत त्याचा भार वरपर्यंत पोचत नाही. फेऱ्या वाढवून थोडं सुधारेल, पण तू साखळीच काढून टाक. खेळाडू आणि दगड यांच्यातलं अंतर मोज. दोराच्या लांबीपेक्षा कमी असेल तर काही करू नकोस. जास्त झालं तर जितकं जास्त, तितक्या जोराने दगडाला खेळाडूकडे ओढ, आणि दोराच्या दिशेतल्या वेगाला थोडा विरोध दे, म्हणजे तो स्प्रिंगसारखा नाचणार नाही. दहा ओळींचं काम आहे. दोर दिसण्यापुरती एक वक्ररेषा काढ. ढिला असताना झोळ, ताणला की सरळ. तो सरळ होण्याच्या क्षणी एक बारीक करकर वाजव. वजन निम्मं कानाने कळतं. पहारीचे ते दोन आवाजही तोंडाने काढून फोनवर रेकॉर्ड केलेस तरी चालतील.

दगड जमिनीतून आरपार गेला म्हणतेस, त्याचं गणित सांगतो. गोडोमध्ये फिजिक्स सेकंदाला ६० पावलं टाकतं आणि गुरुत्व मुळात ९८० पिक्सेल असतं. तुझी टाइल १६ पिक्सेलची, दगड ८ चा. दगडाने एका पावलात २४ पिक्सेल ओलांडले तर तो आधीच्या पावलात फरशीच्या वर असतो आणि पुढच्यात पूर्ण खाली. मधली धडक झालीच नाही. त्यासाठी वेग लागतो सेकंदाला १४४०, आणि तो सुमारे ६६ टाइल्स खोल उभ्या विहिरीत पडल्यावर येतो. तुझी विहीर ८० ची आहे. पडण्याचा वेग ६०० वर अडव, म्हणजे पावलाला १० पिक्सेल. सततची धडक तपासणारा पर्याय आहे, तोही दगडापुरता चालू कर, पण आधी वेग अडव. डोळ्यांना फरक कळत नाही.

बाकीचं थोडक्यात. जॅमचा विषय जाहीर झाल्यावर खाणीचा हट्ट धरू नकोस. बसत नसेल तर हाच दोर आणि हेच ओझं दुसऱ्या जागी ने. मी माझ्या पहिल्या जॅममध्ये शनिवार दुपारपर्यंत जमीन आपोआप तयार करणारा कोड लिहीत बसलो. डोंगर, गुहा, पाण्याच्या शिरा, सगळं झालं. खेळायला काही नव्हतं. रविवारी ते तसंच जमा केलं आणि त्याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं. म्हणून तुझी जमीन हाताने आखलेली एकच असू दे. ब्राउझरमध्ये चालणारी बिल्ड, म्हणजे खेळाची चालू प्रत, शनिवारी सकाळीच एकदा काढून बघ, खेळ अर्धवट असला तरी. आवाज न येणं, फॉन्ट गायब होणं या भानगडी तिथेच निघतात, आणि डाउनलोड करून खेळणारी माणसं फार थोडी भेटतात.

आज रात्री एवढंच कर. एक खोली, एक माणूस, एक दोर, एक दगड. खनिज, गुण, दुकान काही नको. दगडाचं वजन १ ठेवून पाच मिनिटं ओढत फिर, मग ४ कर, मग ९. कुठल्या आकड्याला तुझा खांदा नकळत पुढे झुकतो ते मला कळव. बिल्डची लिंकही पाठव, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालवून बघतो. तिथे चालली तर कुठेही चालेल.

तुझा,
दादा