कपाळ घासायचं की कापून मागे बसवायचं?

प्रश्न : मी ट्रान्स स्त्री, वय 29. हॉर्मोन्स सुरू होऊन 2 वर्षं झाली. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईत दोन सर्जनना दाखवलं. एक म्हणाले, भुवयांवरचं हाड घासलं की झालं. दुसरे म्हणाले, हाड कापून मागे बसवावं लागेल; खर्च जवळपास दुप्पट. कोणाचं ऐकू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोघांपैकी कोणी तुमचा सीटी स्कॅन पाहिला का, हे पत्रात आलेलं नाही. निर्णय त्यावरच होतो. भुवयांमधल्या उंचवट्यामागे बहुतेकांमध्ये हवेची पोकळी असते, फ्रंटल सायनस. तिची पुढची भिंत काही मिलिमीटरच जाड असते. घासण्यात तिचा थोडाच भाग काढता येतो. हात जरा पुढे गेला की भिंतीला भोक. म्हणून उंचवटा ठळक आणि भिंत पातळ असेल, तर ती भिंत तुकड्यासारखी कापून काढतात, आकार देतात आणि मागे सरकवून टायटॅनियमच्या बारीक प्लेटा-स्क्रूंनी बसवतात. सॅन फ्रान्सिस्कोचे सर्जन डग्लस ऑस्टरहाऊट यांनी 1980च्या दशकात या कामाचा पाया घातला. सर्जन ‘टाइप वन’, ‘टाइप थ्री’ म्हणतात ती त्यांचीच वर्गवारी. टाइप वनमध्ये भिंत पुरेशी जाड असते किंवा पोकळीच नसते, तिथं घासणं पुरतं. टाइप थ्रीला कापावंच लागतं, आणि बहुतेक जणी यातच मोडतात.

तेव्हा दोघांनाही एकच विचारा : “सीटीत बाजूने दिसणाऱ्या चित्रात माझी भिंत किती मिलिमीटर आहे आणि ती किती मागे जाईल?” स्क्रीनवर बोट ठेवून सांगणारा सर्जन घासा म्हणाला, तरी त्याचं ऐकण्यासारखं आहे. स्कॅन न मागताच सल्ला देणारा मात्र कोणत्याही बाजूचा असो, तिथून उठा.

मग छेद कुठे घेणार ते विचारा. केसांच्या कडेने घेतला तर कपाळ लहान करता येतं, पण व्रण तिथंच राहतो आणि सावळ्या त्वचेवर तो काळपट किंवा जाड होऊ शकतो. टोचलेला कान किंवा बीसीजीची खूण फुगलेली असेल तर आधी सांगा. केसांच्या आत घेतला तर व्रण लपतो, पण केसांची कड थोडी मागे जाते. आधीच टक्कल पडू लागलेलीने हे नीट तोलावं. दोन्हींत टाळू काही महिने बधिर राहते. उंचवटा मागे गेला की नाकाचं मूळही वेगळं दिसतं, त्यामुळे नाक करायचं असेल तर त्याचं नियोजन कपाळाबरोबरच हवं.

फोटो मागाल ते बाजूने काढलेले, केस मागे बांधलेले, शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षाने. सूज पूर्ण उतरायला तेवढा वेळ लागतो. समोरून, मेकअप आणि बटांसकट काढलेला फोटो काहीच सांगत नाही. “पुन्हा शस्त्रक्रिया किती जणींना लागली?” याला “एकीलाही नाही” असं उत्तर आलं, तर एकतर रुग्ण मोजकेच असतील किंवा नंतर कोणी विचारपूस केली नसेल.

पदवी पाहा. ‘कॉस्मेटिक सर्जन’ अशी वेगळी पदवी आपल्याकडे नाही. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी, अथवा मॅक्सिलोफेशियल म्हणजे जबडा-चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस असावं. नोंदणी राज्याच्या मेडिकल किंवा डेंटल कौन्सिलकडे तपासता येते. आणि तुम्ही नाशिकला परतल्यावर रात्री फोन कोण उचलणार, हे आधीच ठरवा. नाकातून पाण्यासारखं, खारट काही गळू लागलं तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. सकाळपर्यंत थांबायचं नसतं.

प्रश्न : कंठमणी घासल्यावर आवाज बायकी होतो का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. बिघडू मात्र शकतो. स्वरतंतू त्या कूर्चेच्या आतल्या बाजूला, साधारण मध्यावर जोडलेले असतात. सर्जनने फक्त वरची कड उतरवायची असते. लोभापायी खाली गेलं तर तंतूंची पकड सुटते आणि आवाज घोगरा, उलट आणखी जाड होतो. घशात दुर्बीण घालून, बाहेरून सुई टोचून तंतूंची पातळी निश्चित करता का, हे विचारा. छेदही कंठावर नको, हनुवटीखालच्या घडीत मागा.

प्रश्न : जबडा जितका बारीक होईल तितका करून घ्यावा का? वय 44. (ठाणे)

उत्तर : घाई नको. खालच्या ओठाची संवेदना देणारी नस त्याच हाडातून जाते. तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर होतात, कधी कायमची. शिवाय हाड गेलं तरी कातडी तेवढीच उरते, आणि चाळिशीनंतर ती लोंबते. मग गळा ओढून घेण्याची दुसरी शस्त्रक्रिया.

प्रश्न : आयुष्मान कार्डावर हे होतं का? (नागपूर)

उत्तर : ऑगस्ट 2022मध्ये केंद्राने ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’चा करार केला. त्यात वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण राष्ट्रीय पोर्टलवरून काढलेलं ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र लागतं. कपाळ किंवा जबड्याचं काम पॅकेजमध्ये बसतं का, हे रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी लेखी घ्या. प्लेटा-स्क्रू आणि भूल यांचा खर्च त्यात धरलाय का, तेही त्याच कागदावर लिहून मागा.