टाइल्समधले सांधे काळे पडलेत, ॲसिडने साफ केले तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे की फ्लॅटला सहा वर्षं झाली, हॉलच्या आणि बाथरूमच्या टाइल्समधल्या फटी काळ्या पडल्यात, कामवाल्या मावशी म्हणतायत ॲसिड आणा, तर आणावं का.

कृपा करून आणू नका.

मी ते केलेलं आहे. २०१६ मध्ये गणपती यायच्या आधी बाथरूममध्ये ॲसिड ओतलं. फसफसून फेस आला, पाणी मारलं आणि सांधे नव्यासारखे पांढरे दिसले. दिवाळीपर्यंत ते आधीपेक्षा काळे झाले. पुन्हा ॲसिड, पुन्हा तेच. असं दोन-तीन वर्षं चाललं आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकू सांगायला आल्या की त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल धरलीय. मिस्त्री आले, खाली बसले आणि पाणी जायच्या जाळीजवळच्या सांध्यात त्यांनी फक्त नख फिरवलं. ओली रेती निघावी तसं सिमेंट बाहेर आलं. खालचं वॉटरप्रूफिंगही कमजोर असणार, पण पाण्याला वाट मी करून दिली होती.

आपल्याकडे टाइल्सच्या फटीत साधारणपणे व्हाइट सिमेंट किंवा सिमेंटचं ग्राउट भरलेलं असतं. ॲसिड सिमेंटमधला चुना विरघळवतं. तो फेस घाण निघाल्याचा नसतो, सिमेंट निघाल्याचा असतो. वरचा थर गेला म्हणून पांढरं दिसतं, पण खाली राहतो तो खरखरीत, सच्छिद्र भाग, आणि तो मळ आणखी लवकर धरतो. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं, त्यामुळे तोही सांध्यांवर नको. घरात कुठे शहाबादी, कोटा किंवा मार्बल असेल तर त्याच्या जवळपासही नको, कारण हे दगड चुन्याचेच असतात. चकाकी एकदा गेली की पॉलिश केल्याशिवाय येत नाही.

आता साफ कसं करायचं. आधी काळं कशामुळे झालंय ते बघा, कारण तुमच्या दोन्ही खोल्यांचं दुखणं वेगळं आहे.

हॉलमधलं काळं म्हणजे फरशी पुसण्याचं पाणी. सांधा टाइलपेक्षा किंचित खाली असतो, त्यामुळे बादलीतलं गढूळ पाणी तिथे साचतं आणि तिथेच वाळतं. यासाठी खाण्याच्या सोड्यात थोडं थोडं पाणी घालून इडलीच्या पिठाइतकं दाट कालवा, दोन-चार थेंब भांड्यांचं लिक्विड टाका, सांध्यांवर लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि जुन्या टूथब्रशने सांध्याच्या दिशेने घासा. तारेचा ब्रश नको, टाइलवर चरे पडतात. सोड्यात व्हिनेगर घालायला अनेक जण सांगतात. फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि हातात जवळपास नुसतं खारट पाणी उरतं.

घासून झाल्यावर जे काळं पाणी सुटतं, ते लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. बहुतेकांचं इथेच चुकतं. ते पाणी तसंच वाळू दिलं तर सगळा मळ परत फटीत जाऊन बसतो आणि मग ‘सोड्याने काही होत नाही’ असं वाटतं. मी एका वेळी हातभर जागा घेतो, घासतो, टिपतो, मग पुढे सरकतो. आमच्या हॉलला दोन रविवार लागले.

बाथरूममधलं काळं, विशेषतः शॉवरखालचं आणि कोपऱ्यातलं, बहुतेक बुरशी असते. ती सोड्याने पूर्ण जात नाही. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर ६ टक्के लिहिलेलं असेल तर तेवढंच पाणी मिसळा, हातमोजे घाला, सांध्यांवर लावा आणि दहा मिनिटांनी घासून धुवा. लागेल तेवढंच कालवा, उरलेलं बाटलीत भरून झाकण लावू नका. वायू सुटत राहतो. ब्लीचनेही बुरशी जाते, पण ब्लीच आणि ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. मावशींनाही हे नीट सांगा, कारण घासताना तोंड त्यांचंच जवळ असतं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर टाइलवर पातळ व्हिनेगर चालेल, पण आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्या म्हणजे ते आंबट पाणी आत शोषणार नाहीत, आणि दोन-तीन मिनिटांत धुऊन टाका.

साफ करून दोन दिवस पूर्ण वाळू द्या आणि सांध्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर ठीक. चटकन आत जिरून डाग गडद झाला तर ग्राउट सीलर, म्हणजे सांध्यात पाणी मुरू न देणारं लिक्विड, लावा, छोट्या ब्रशने लागतं. नखाने भुगा निघत असेल तर मात्र साफसफाईत वेळ घालवू नका, ग्राउट बदला. मिस्त्री जुन्यावरच नवीन थर फासून देतो म्हणाले तर थांबवा, तो पापुद्रा होऊन निघतो. हॅक्सॉ ब्लेडने निदान दोन-तीन मिलीमीटर जुनं खरवडून काढायला लावा आणि बाथरूममध्ये इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनचं, भरून घ्या. महाग पडतं आणि पटकन घट्ट होतं, म्हणून सवय असलेलाच माणूस बघा. पण ते पाणी पीत नाही. आमचं २०१९ मध्ये भरलेलं आजही साबणाच्या फडक्याने स्वच्छ होतं.

भिंत आणि फरशी जिथे भेटतात त्या कोपऱ्यात सिलिकॉन भरायला सांगा. तिथे ग्राउट कुठलंही असलं तरी तडकतं.

आणि हॉलसाठी उद्यापासून दोन बादल्या ठेवा, एक फडकं पिळायची आणि एक स्वच्छ पाण्याची.