सलूनमधल्या झिंज्या

प्रश्न : ताई, नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा सामान आवरताना मामांची जुनी ट्रंक निघाली, आत नुसत्या इंग्लिश वेस्टर्न कादंबऱ्या, काऊबॉयवाल्या, मामा रद्दीवाल्याकडून किलोवर आणायचे. भाड्याच्या घरात झोप लागेना म्हणून वाचायला घेतल्या तर दर दुसऱ्या पुस्तकात दोन बायका सलूनमध्ये एकमेकींच्या झिंज्या उपटतायत, तीन तीन पानं! तिकडे खरंच असं चालायचं का? आणि मला मजा येते वाचायला, हे कुणाला सांगू? – नाव छापू नका, ठाणे

उत्तर : मला सांगितलंत ना, झालं मग. पहिलं म्हणजे हे सलून केस कापायचं नाही, दारूचा गुत्ता, केस तिथे फुकटात निघतात एवढंच.

खऱ्याखोट्याचं म्हणाल तर कॅलॅमिटी जेन ही त्या काऊबॉयच्या काळातली अमेरिकेतली खरी बाई, १९०३ मध्ये वारली, पण १८७७ पासूनच स्वस्तातल्या कादंबऱ्यांमध्ये ती पात्र म्हणून यायला लागली होती, म्हणजे जिवंतपणीच तिची गोष्ट तिच्या हातातून सुटली, आणि नंतर तिने स्वतः छापलेल्या आत्मचरित्रातही थापा भरपूर. तुमच्या ट्रंकेत जे. टी. एडसन नक्की असणार बघा, त्याच्या पुस्तकांत हीच जेन इतर बायकांशी भिडते. हा माणूस इंग्लंडचा, काही वर्षं पोस्टमन होता, १०० हून जास्त वेस्टर्न लिहिल्या आणि स्वतः म्हणायचा की मी घोड्यावर कधी बसलेलोच नाही! तेव्हा त्याच्याकडून इतिहास शिकायला जाऊ नका.

मग ह्या मारामाऱ्या एवढ्या का, तर मला वाटतं अडचण हिरोची आहे. हिरो बाईवर हात उचलू शकत नाही, उचलला की तो हिरो राहत नाही, आणि खलनायिकेला तर धडा मिळायलाच हवा, मग लेखक दुसरी बाई आणतो आणि हिरो बाजूला उभा. १९३९ च्या एका सिनेमात मार्लीन डीट्रिच आणि ऊना मर्केल अशाच भिडतात, भांडण कशावरून तर एकीने दुसरीच्या नवऱ्याची पँट जुगारात जिंकली म्हणून, आणि जेम्स स्टुअर्ट येऊन दोघींवर बादलीभर पाणी ओततो. बाकी बाही फाटली, बटण तुटलं हे सगळं पुरुष वाचकासाठी, तेवढं आपण पान उलटायचं.

चांगली मारामारी वाचायचीय? एमिल झोला ह्या फ्रेंच लेखकाची १८७७ ची पॅरिसमधल्या धोबिणीची कादंबरी घ्या, वेस्टर्न नाही पण सगळ्यांच्या वरताण. जर्वेझ ही ती धोबीण, तिचा माणूस दुसरीबरोबर पळालाय आणि त्या दुसरीची बहीण व्हर्जिनी नेमकी धुण्याच्या घाटावर, म्हणजे तिकडचं पैसे देऊन धुवायचं सार्वजनिक ठिकाण, तिथे मजा बघायला येते. आधी बादल्यांनी पाणी, मग उकळतं, मग नखं, जर्वेझ तिच्या कानातला पिवळ्या काचेचा डूल धरते आणि ओढते, कान फाटून रक्त, शेवटी धुणं बडवायचं धोपटणं घेऊन व्हर्जिनीला कपड्यासारखी बडवते. कामाची वस्तूच हत्यार होते ना, म्हणून ते खरं वाटतं. आमच्या चाळीत नळावर कळशी उचलली गेली तेव्हा बाकीच्या बायकांनी आधी आपापल्या बादल्या सरकवल्या होत्या, मला तेच आठवलं. आणि हिशोब तिथे संपत नाही, कित्येक पानांनंतर जर्वेझचं दुकान व्हर्जिनीकडे जातं आणि जर्वेझ त्याच दुकानाची फरशी गुडघ्यावर बसून घासते, व्हर्जिनी बघत बसते. तुमच्या सलूनवाल्या दुसऱ्या दिवशी पावडर लावून हजर, कुणाचं बोटही मोडलेलं नाही.

प्रश्न : मी समुद्री चाच्यांवर कादंबरी लिहितोय, जहाजावर दोन बायकांची तलवारबाजी टाकू का? – ऐरोली

उत्तर : टाक. ॲन बॉनी आणि मेरी रीड खऱ्याच होत्या, १७२० मध्ये जमैकाजवळ पकडल्या गेल्या, पण त्या एकमेकींशी नाही, एकाच बाजूने लढत होत्या, तेव्हा भांडायला कारण तुला शोधावं लागेल, पुरुषावरून सोडून दुसरं काहीतरी बघ. आणि आधी दिवा कोळीवाड्याच्या जेट्टीवर जाऊन एखाद्या होडीच्या ओल्या फळीवर अनवाणी उभा राहून ये, पाय कसा सटकतो बघ, तलवारीचं नंतर बोलू.