अर्धी गोळी कुणाला विचारून दिलीस?

खानापूर तालुक्यातल्या एका बहिणीचं पत्र आलंय. नवरा गोव्यात कामाला असताना ब्राऊन शुगरच्या नादाला लागला, आता दीड वर्ष झालं धारवाडच्या डॉक्टरांची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी चालू आहे, जिभेखाली ठेवायची ती, कामावर जातो, पगार घरात देतो. पण सासूबाई म्हणतात एक नशा सोडून दुसरी धरली, नणंदेचं लग्न मे महिन्यात आहे, त्याच्या आत गोळी कशी बंद करू? आणि हल्ली परत चिडचिड करतो, रात्रभर जागतो, सारखं नाक गळतंय, लपून ओढतोय की काय अशी भीती वाटते.

आणि मधेच एक ओळ, "गोळ्या माझ्याकडंच असतात, संक्रांतीपासून अर्धीच देते, डॉक्टरनीच कमी केलीय म्हणून सांगितलंय."

अगं, मग दुसरं काय होणार गं? जांभया, नाक गळणं, पाय ओढणं, झोप उडणं, हे सगळं औषध कमी पडलं की होतंय. संशय त्याच्यावर आणि औषध तोडलंस तू, वर डॉक्टरांच्या नावानं खोटं! गोळ्या तुझ्या हातात दिल्या त्या सांभाळायला, डोस ठरवायला नव्हे. मला राग आलाय, सासूबाईंपेक्षा तुझा जास्त, कारण तो तुझ्यावर विश्वास ठेवून रोज जीभ उचलतोय.

ही गोळी मेंदूत ब्राऊन शुगरच्याच जागेवर जाऊन बसते पण एका मर्यादेपुढं तिचा जोर चढत नाही, म्हणून डोस नीट बसला की तलफ मरते आणि माणूस शुद्धीत कामाला जातो. डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती २००५ पासून आहे. नशा म्हणे!

आणि अर्धवट डोसवर तलफ उठली, तो परत तिकडं वळला, तर? दीड वर्षात अंगाची जुन्या मापाची सवय कमी झालीय, तेवढीच ओढली तर श्वास थांबू शकतो. गोळी सोडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत माणसं अशी जातात. लग्नाची तारीख बघून गोळी बंद करायची?

आज तो कामावरून आला की सासूबाईंच्या समोरच सांग, अर्धी मी केली. आणि उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं दोघं धारवाडला जा, डॉक्टरना पण हेच सांग, पुढचा डोस ते ठरवतील. गोळी कधी कमी करायची ते तो आणि डॉक्टर बघतील, चार वर्षं लागली तरी लागू देत.